आराखड्यांची देवघेव

बालाघाट शहराला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे. गोंदियाहून वैनगंगेच्या खोऱ्यात येणाऱ्या प्रवाशाला आगगाडीच्या खिडकीतून भाताची खाचरे दिसतात, दूरवर जंगलाची निळी कड दिसते. परंतु ज्या धनामुळे या जिल्ह्याचे नाव देशोदेशीच्या पोलादाच्या कारखान्यांत पोहोचले, ते काही त्याच्या नजरेस पडत नाही. ते जमिनीच्या पोटात आहे. भरवेलीत माणसे शेकडो फूट खोल उतरतात, खनिजाची पट्टी जिकडे वळेल तिकडे बोगदे नेतात, आणि खनिज काढून झाले म्हणजे मागे राहिलेल्या पोकळीत वाळू भरून पुढे सरकतात. वाळूने भरलेली ती जागा पुन्हा कोणाच्या डोळ्यांना दिसावयाची नसते. तिची एकच खूण मागे उरते, ती म्हणजे नकाशावरची रेघ. कोठे पोकळी आहे, कोठे आधाराचा खांब राखून ठेवला आहे, जुना बोगदा नव्यापासून किती हातांवर आला आहे, हे जाणण्यास त्या रेघेवाचून दुसरे साधन नाही.

आता ही रेघ एके ठिकाणी राहत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पण खाणीची नाळ नागपूरपासून तुटली नाही. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने जो इंग्रजी उद्योग सुरू झाला, तो पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाला. १९६२ मध्ये त्याच्या जागी मँगनीज ओअर इंडिया ही सरकारी भागीदारीची कंपनी उभी राहिली. तीच आजची मॉइल. तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे आणि खाणी नागपूर, भंडारा व बालाघाट या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या आहेत. खाणींवर देखरेख करणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तेव्हा भरवेलीच्या मोजणीदाराने काढलेला नकाशा राज्याची सीमा ओलांडून नागपूरला जावयाचा, तेथील अभियंत्याने तो वाचावयाचा, यंत्रे पुरविणाऱ्याने आपले माप त्यावरून घ्यावयाचे, आणि पन्नास वर्षांनी आज जन्मालाही न आलेल्या एखाद्या मोजणीदाराने तोच नकाशा उलगडून पाहावयाचा, असा हा क्रम आहे.

म्हणून आजच्या भाषणात एक साधा दिसणारा प्रश्न विचारावयाचा आहे. अभियांत्रिकीचा आराखडा एकाकडून दुसऱ्याकडे पाठवावयाचा, तो कोणत्या रूपात पाठवावा? संगणकाच्या युगात हा प्रश्न 'फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये पाठवू?' अशा शब्दांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा सवयीने दिले जाते. परंतु प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या इतिहासाकडे पाहिले तर सवयीने उत्तर देणे किती धोक्याचे आहे ते कळून येते.

आराखड्याकडून आपण तीन गोष्टी मागतो. पहिली, काढणाऱ्याने जसा काढला तसाच तो पाहणाऱ्याला दिसावा. दुसरी, पाहणाऱ्याला त्यावर काम करता यावे. मोजता यावे, त्यात भर घालता यावी, चूक दुरुस्त करता यावी. आणि तिसरी, तो टिकावा. या तीन मागण्या एकमेकींच्या बहिणी वाटतात खऱ्या, पण प्रत्यक्षात त्यांचे एकमेकींशी पटत नाही. ज्यात सहज बदल करता येतो ते जसेच्या तसे राहील याची हमी देता येत नाही, आणि जे अगदी पक्के बांधून टाकले त्यात बदल करता येत नाही. गेल्या दोन शतकांत आराखड्याची जी जी रूपे निघाली, त्यांतील प्रत्येकाने यांपैकी एखादीच मागणी पुरती भागविली आहे.

घन वस्तू सपाट कागदावर अचूक कशी उतरवावी याचे शास्त्र फ्रान्समधील गास्पार मोंज या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. किल्ल्याच्या तटबंदीच्या कामी ते इतके उपयोगी ठरले की लष्कराने ते बरीच वर्षे गुप्त ठेवले. १७९५ साली पॅरिसमध्ये मोंजची जाहीर व्याख्याने झाली, तेव्हा कोठे ते सर्वांचे झाले. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगतो, कारण आराखड्याची भाषा मूठभरांच्या हाती असावी की सर्वांना खुली असावी, हा वाद त्या शास्त्राच्या जन्मापासूनचा आहे, आणि पुढे संगणकाच्या काळात तो पुन्हा उभा राहणार आहे.

मोंजने भाषा दिली, पण नकला करण्याचे साधन दिले नाही. एकोणिसाव्या शतकात कारखाने व रेल्वे वाढली तसे एकाच आराखड्याच्या दहा दहा प्रती लागू लागल्या. मूळ आराखड्यावर ट्रेसिंगचे कापड पसरावयाचे आणि खालची रेघ वर गिरवावयाची. हे कापड मोठे नामी होते. तलम विणीच्या कापडाला खळ देऊन ते गुळगुळीत व अर्धपारदर्शक केलेले असे. घडी घातली तरी फाटत नसे, वर्षानुवर्षे टिकत असे. त्याचा शत्रू एकच, पाणी. पाणी लागले की खळ विरघळे आणि रेघांसह सारा आराखडा वाहून जाऊन हाती नुसते मऊ कापड राही.

१८४२ साली इंग्लंडमधील जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांचे मिश्रण कागदाला लावून सूर्यप्रकाशाने छाप उमटविण्याची रीत शोधून काढली. शाईने काढलेले ट्रेसिंग त्या कागदावर ठेवून उन्हात धरले की उघड्या भागावर प्रकाश पडे. कागद पाण्यात धुतला म्हणजे तेवढा भाग गर्द निळा होई आणि शाईच्या रेघांखालचा भाग पांढरा राही. हीच ती ब्लूप्रिंट. मराठीत आपण आजही एखाद्या योजनेची 'ब्लूप्रिंट' तयार झाली असे म्हणतो, तेव्हा या निळ्या कागदाचीच आठवण नकळत जागवीत असतो. पुढे विसाव्या शतकात अमोनियाच्या वाफेवर उमटणारी छाप आली. तिच्यात पांढऱ्या कागदावर निळसर जांभळ्या रेघा असत. सरकारी बांधकाम खात्याच्या कचेऱ्यांत वावरलेल्यांना तिचा तो नाकाला झोंबणारा वास आठवत असेल.

पण ब्लूप्रिंटमध्ये एक दोष होता आणि त्या दोषानेच आपल्या पूर्वीच्या अभियंत्यांना शहाणे केले. कागद पाण्यात धुवून वाळवला की तो आक्रसतो. मूळ आराखड्यातील लांबी आणि छापेतील लांबी यांत थोडा तरी फरक पडतोच. म्हणून आराखड्याच्या कोपऱ्यात एक ताकीद लिहिण्याचा प्रघात पडला: पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेले माप प्रमाण मानावे. रेघ ही साक्षीदार आहे, परंतु आकडा हा करार आहे, असा त्याचा अर्थ.

खाणीच्या नकाशात मात्र प्रत्येक वळणाचे माप लिहिणे शक्य नसते. तेथे पट्टी लावावीच लागते. त्यावर खाण खात्याने जो तोड काढला तो मला फार मोलाचा वाटतो. धातूंच्या खाणींसाठी १९६१ साली जे विनियम करण्यात आले, त्यांत नकाशा कसा असावा हे बारकाईने सांगितले होते. नकाशा टिकाऊ कागदावर किंवा ट्रेसिंगच्या कापडावर पक्क्या शाईने काढलेला असावा. त्यावर खाणीचे व मालकाचे नाव असावे. उत्तर दिशा दाखविलेली असावी. आणि त्यावर निदान २५ सेंटिमीटर लांबीची, भाग पाडलेली मोजपट्टी आखलेली असावी. '१:५००' असे प्रमाण शब्दांत लिहून भागत नाही, ती पट्टी नकाशावर आखलीच पाहिजे. का? तर कागद आक्रसला की त्यावरची पट्टीही तेवढीच आक्रसते. नकाशा लहान करून छापला तर पट्टीही लहान होते. लिहिलेले प्रमाण खोटे ठरेल, पण आखलेली पट्टी खोटी ठरत नाही. कागदाच्या जमान्यातले हे शहाणपण संगणकाच्या जमान्यात आणखीच उपयोगी पडावयाचे होते.

आता संगणकाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघा काढून दाखविल्या. त्याच्या कार्यक्रमाचे नाव स्केचपॅड. त्यानंतरची वीस वर्षे ही विद्या विमानांच्या व मोटारींच्या मोठ्या कारखान्यांपुरतीच राहिली. १९८२ मध्ये ऑटोडेस्क या नव्या कंपनीने छोट्या संगणकावर चालणारा ऑटोकॅड हा कार्यक्रम बाजारात आणला आणि आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावरून टी-पट्टी व शाईची लेखणी हळूहळू हद्दपार झाली.

येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. संगणकातला आराखडा हे वस्तुतः चित्र नसते. ती एक यादी असते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ. या केंद्राभोवती इतक्या त्रिज्येचे वर्तुळ. ही रेघ पाण्याच्या नळांच्या लेयरवर, ती विजेच्या तारांच्या लेयरवर. पडद्यावर दिसते ते या यादीवरून दर वेळी नव्याने काढलेले चित्र होय. तेव्हा यादी कोणत्या भाषेत लिहिली आहे आणि ती भाषा कोणाला वाचता येते, यावर सारे अवलंबून असते. ऑटोकॅडची स्वतःची यादी डीडब्ल्यूजी नावाच्या फाइलीत असते. ती आटोपशीर असते, तिच्यात आराखड्याची प्रत्येक बाब जशीच्या तशी राहते, आणि काम करण्यास तिच्याइतकी सोयीची फाइल दुसरी नाही. परंतु तिची भाषा कंपनीने जाहीर केली नाही. शिवाय काही वर्षांनी ती बदलते. नव्या आवृत्तीत साठविलेली फाइल जुन्या आवृत्तीला उघडता येत नाही. मोंजच्या शास्त्राला लष्कराचे कुलूप होते, याला व्यापाराचे. १९९८ साली इतर कार्यक्रम बनविणाऱ्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली आणि बाहेरून अभ्यास करून ही भाषा उलगडली. त्यामुळे आज डीडब्ल्यूजी उघडणारे दुसरे कार्यक्रमही मिळतात. तरीही तो दुभाष्यामार्फत झालेला संवाद आहे, हे विसरून चालत नाही.

बालाघाटच्या मंडळींना ही अडचण समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी धावू लागली. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे. नागपूर-कलकत्ता मार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे. त्यामुळे गोंदियाला माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. गाडी तीच पुढे जाऊ शकत नसे. या चढउतारात वेळ जाई, मजुरी पडे, आणि थोडाबहुत माल सांडेही. आता तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. पण एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आराखडा नेताना आपण अजूनही गोंदियाच्या त्या फलाटावरच उभे असतो. कोठे तरी काही तरी सांडतेच.

हे सांडणे कमी व्हावे म्हणून ऑटोडेस्कनेच १९८२ मध्ये डीएक्सएफ नावाची दुसरी फाइल काढली आणि तिची भाषा मात्र जाहीर केली. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. ८ या अंकामागोमाग लेयरचे नाव येते, १० व २० या अंकांमागोमाग बिंदूचे दोन निर्देशांक येतात. चिकाटीचा माणूस ती डोळ्यांनीही वाचू शकेल. सर्वेक्षणाची यंत्रे, लोखंडी पत्रे कापणारी यंत्रे, निरनिराळ्या कंपन्यांचे कार्यक्रम, सर्वांना ती कळते. तिचे दोष दोन. एक, ती आकाराने फुगते. दुसरा अधिक गंभीर. जुन्या डीएक्सएफ फाइलींत एकक लिहिलेलेच नसे. रेघ २५ लांबीची आहे एवढे कळे. ते २५ मिलिमीटर, २५ इंच की २५ मीटर, हे पाठविणाऱ्याने वेगळे सांगितले नाही तर घेणाऱ्याने अंदाज बांधावयाचा. अंदाज बांधणे हे अभियंत्याचे काम नव्हे.

यंत्रांच्या घन आकारांसाठी निराळे प्रयत्न झाले. १९८० साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने आयजीईएस नावाचा समाईक नमुना प्रसिद्ध केला, आणि १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १०३०३ क्रमांकाचे मानक काढले. ते 'स्टेप' या नावाने ओळखले जाते. पंप, गिअर, झडप अशा वस्तूंचा घन आकार एका कारखान्यातून दुसऱ्यात न्यावयाचा तर आज स्टेपइतका भरवशाचा मार्ग नाही. तथापि त्यातही वस्तूचा आकार पोहोचतो, पण तो आकार कोणत्या पायऱ्यांनी घडविला याचा इतिहास बहुधा मागे राहतो. पोळी पोहोचते, पण कणीक कशी भिजवली ते कळत नाही.

इतका वेळ आपण काम करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फाइलींविषयी बोललो. आता निव्वळ पाहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फाइलींकडे पाहू. १९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ आणली. तिचे वचन एकच होते: जगातल्या कोणत्याही संगणकावर पान जसे काढले तसेच दिसेल. ते वचन तिने पुष्कळ अंशी पाळले. २००८ मध्ये तिची भाषा आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे ती एका कंपनीच्या मर्जीवर राहिली नाही. दीर्घकाळ जपून ठेवावयाच्या कागदपत्रांसाठी २००५ मध्येच पीडीएफ-ए हा तिचा अधिक कडक प्रकार ठरविण्यात आला होता. त्यात अक्षरांचे वळणसुद्धा फाइलीतच साठवावे लागते.

या अक्षरांच्या वळणाचे महत्त्व आपल्या भागात विशेष आहे. बालाघाटच्या कचेऱ्या हिंदीत चालतात, नागपूरच्या मराठीत. दोहोंची लिपी एक. पण कित्येक वर्षे संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी कृतिदेवसारखे फाँट वापरले गेले. त्यांत आत रोमन अक्षरे साठविलेली असत आणि वर देवनागरीचे चित्र चढविलेले असे. तो फाँट ज्या संगणकावर नाही तेथे 'जुना बोगदा, पाणी भरलेला' ही सूचना रोमन अक्षरांची निरर्थक माळ होऊन बसते. रेघ बरोबर पोहोचते, पण रेघेचा अर्थ वाटेतच हरवतो. युनिकोडने हा प्रश्न सोडविला आहे. मात्र जुन्या फाइली अजून तशाच पडून आहेत, आणि त्या युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचे काम ज्याने त्याने आपल्या दप्तरापुरते केले पाहिजे.

पीडीएफविषयी आणखी दोन सावधगिऱ्या. एक, या एकाच नावाखाली दोन जाती वावरतात. आराखड्याच्या फाइलीवरून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये खऱ्या रेघा असतात. कितीही मोठी करून पाहा, त्या स्वच्छच राहतात. कागदाचा फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये मात्र रेघ नसते, ठिपक्यांची रांग असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरी सावधगिरी छपाईची. ए-१ आकाराच्या कागदासाठी काढलेला १:५०० प्रमाणाचा नकाशा घाईघाईने ए-४ कागदावर 'मावेल तसा' छापला की त्याचे प्रमाण सुमारे १:१४१४ होते. कोपऱ्यातली अक्षरे मात्र १:५०० असेच सांगत राहतात. अशा वेळी १९६१च्या विनियमांतली ती आखलेली पट्टीच काय ती खरी साक्ष देते.

आणि ज्यांना वाटते की मोबाइलने फोटो काढून पाठविला म्हणजे झाले, त्यांच्यासाठी एक हकिगत. फोटो साठविण्याची जेपीईजी ही रीत चेहऱ्यांसाठी व निसर्गदृश्यांसाठी केलेली आहे. जागा वाचविण्यासाठी ती चित्राचे चौकोनी तुकडे करून बारकावे गाळते. बारीक रेघांच्या कडा तिच्यात पुसट होतात, ३ आणि ८ यांतला फरक धूसर होतो. पण त्याहून विलक्षण प्रकार २०१३ साली जर्मनीत उघडकीस आला. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे घराच्या आराखड्याची नक्कल करताना आकडेच बदलीत होती. तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी लिहिलेली असता नकलेत तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा उमटला. जागा वाचविण्याच्या नादात यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवीत होते. आकडा पुसट झाला असता तर पाहणाऱ्याला शंका आली असती. येथे आकडा स्वच्छ होता आणि खोटा होता. कंपनीने पुढे यंत्रांत दुरुस्ती केली. परंतु ज्या आकड्याला आपण करार म्हणत आलो तोसुद्धा नकलेत बदलू शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

कोणी म्हणेल, या कचेरीतल्या अडचणी आहेत. त्यांनी कोणाचे काय बिघडते? दोन उदाहरणे देतो. युरोपातील एअरबस कंपनीने ए-३८० हे दुमजली प्रचंड विमान बांधावयास घेतले. त्याचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला व फ्रान्समध्ये तुलूझला तयार होत. एका विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीची तार. तारांच्या आराखड्यासाठी हॅम्बुर्गची माणसे कॅटिया या कार्यक्रमाची चौथी आवृत्ती वापरीत होती आणि तुलूझची माणसे पाचवी. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पण एकमेकींशी धड न बोलणाऱ्या. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे नीट पोहोचला नाही. २००६ मध्ये विमानात तारा बसवावयाच्या वेळी त्या आखूड पडू लागल्या. विमाने ग्राहकांच्या हाती पडण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला आणि कंपनीला अब्जावधी युरोंचा फटका बसला. दोन शहरे, एक आराखडा, दोन भाषा. गोंदियाच्या फलाटावरचा तोच प्रकार, फक्त सांडलेल्या मालाची किंमत निराळी.

दुसरे उदाहरण खाणीचे आहे, आणि भरवेलीच्या माणसाने ते मनावर कोरून ठेवावे असे आहे. २४ जुलै २००२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात क्वीक्रीक या कोळशाच्या खाणीत कामगार कोळसा काढीत असता समोरची भिंत फुटली आणि शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेले पाणी आत घुसले. नऊ जण जमिनीखाली अडकले. जुनी खाण अजून बरीच दूर आहे असे त्यांच्याजवळचा नकाशा सांगत होता. तो नकाशा खोटा नव्हता, अपुरा होता. जुनी खाण बंद होण्यापूर्वी तिच्यात झालेले शेवटचे काम त्यावर चढलेलेच नव्हते. सुमारे ७७ तासांच्या अहोरात्र प्रयत्नांनंतर वरून पाडलेल्या छिद्रातून ते नऊही जण जिवंत बाहेर आले. सर्वांच्याच नशिबी ते नसते. आपल्याकडे धनबादजवळ चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. पाण्याने भरलेली जुनी पोकळी हा खाणकामगाराचा सर्वांत मोठा वैरी, आणि त्या वैऱ्याचा ठावठिकाणा सांगणारा नकाशा हाच त्याचा पहारेकरी.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे परत येऊ. कोणता फॉरमॅट चांगला? इतिहास सांगतो की हा प्रश्न असा विचारणेच चुकीचे आहे. आराखडा कोणासाठी पाठवीत आहोत, हे आधी विचारले पाहिजे. समजा, बालाघाटच्या एखाद्या खाणीसाठी नागपूरच्या कारखान्याकडून पंपाचा पाया बांधून घ्यावयाचा आहे. ज्या अभियंत्याला त्यात बदल करावयाचे आहेत त्याला डीडब्ल्यूजी द्यावी, आणि कोणत्या आवृत्तीतली ते कळवावे. त्याचा कार्यक्रम निराळा असेल तर डीएक्सएफ द्यावी, आणि एकक स्वच्छ लिहावे. पंपाचा घन आकार हवा असेल तर स्टेप द्यावी. जो गवंडी किंवा फिटर त्यावरून काम करणार त्याला पीडीएफ द्यावी, खऱ्या रेघांची, मोजपट्टी आखलेली, मापे लिहिलेली. आणि दप्तरी ठेवावयाची ती पीडीएफ-ए असावी, तारीख व सही घातलेली. या साऱ्यांसोबत डीडब्ल्यूजीही अवश्य ठेवावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. कारण पन्नास वर्षांनी ती उघडणारा कार्यक्रम असेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. एकाच आराखड्याच्या दोन फाइली पाठविल्या तर तंटा झाल्यास कोणती प्रमाण मानावयाची, हेही पत्रात लिहून ठेवावे. फोटो पाठवावयाचाच असेल तर तो केवळ ओळखीपुरता. त्यावरून कोणी खिळासुद्धा ठोकू नये.

हे सारे नियम पाहिले तर त्यांत नवे असे फारच थोडे आहे. उत्तर दिशा दाखवा, पट्टी आखा, तारीख घाला, टिकाऊ कापड वापरा, हे ट्रेसिंगच्या काळात सांगितले गेले होते. आज कापडाच्या जागी फाइल आली. पण टिकाऊ कापड निवडण्याची जबाबदारी आराखडा काढणाऱ्यावरच राहिली. ज्या फाइलीची भाषा जाहीर आहे, जी एका कंपनीच्या हयातीवर अवलंबून नाही, ती आजच्या काळातले टिकाऊ कापड होय. आणि ज्या फाइलीची भाषा एकालाच ठाऊक, ती कितीही सोयीची असली तरी खळ दिलेल्या कापडासारखीच. पाणी लागेपर्यंत उत्तम.

१९०९ साली भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मर यांनी भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. या प्रदेशातील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी येथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट असे नाव दिले. तो ग्रंथ आज शंभराहून अधिक वर्षांनी उघडला तरी वाचता येतो. त्याला ना विशिष्ट यंत्र लागते, ना कोणाची परवानगी. भरवेलीचा मोजणीदार आज जी फाइल बंद करून नागपूरला धाडतो, तीही शंभर वर्षांनी अशीच उघडावी. त्या दिवशी खाली उतरणाऱ्या माणसाला हा मोजणीदार कोण होता हे ठाऊक नसेल. पण समोरच्या भिंतीपलीकडे घट्ट खडक आहे की पाणी, हे मात्र त्याला कळले पाहिजे.